राहुकाळातलं हृदय

१

बाळ ठणठणीत होतं, आणि घोटाळा तिथेच होता.

डॉक्टर चंद्रिकाने बाळाच्या छातीवरचा चिकट जेल पुसला, दुपट्यात गुंडाळून ते भव्याच्या मांडीवर दिलं आणि फाइलीतला तो फोटो पुन्हा एकदा उजेडाकडे धरला. टी. नगरातल्या साड्यांच्या दुकानांमागे, गल्लीच्या तोंडाशी तिचं क्लिनिक. बाहेर दोन ऑटोवाले तमिळमध्ये एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करत होते. आत पंखा होता, पण वारा नव्हता.

चंद्रिका लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर. प्रसूतिगृहात कुणाला तरी बाळाच्या छातीत खरखर ऐकू आली, म्हणून भव्या आणि तिची सासू राजसबाई बाळाला घेऊन आल्या होत्या. खरखर निरुपद्रवी निघाली. काम संपलं होतं. पण राजसबाईंनी सगळे कागद बरोबर आणले होते. त्यात भव्याच्या पाचव्या महिन्यातल्या, एका शुक्रवारी केलेल्या स्कॅनचा रिपोर्ट होता, आणि रिपोर्टवर पोटातल्या बाळाच्या हृदयाचे तीन फोटो छापलेले होते.

"काय म्हणून इतकें बघतेस गे?" राजसबाई म्हणाल्या. तंजावरकडच्या जुन्या घरांत अजून अशी मराठी बोलतात, बाळाला पापा म्हणतात, आणि चंद्रिकाचं घर त्यातलंच. "पापाला कांही आहे, तें सांग. मनांत ठेवूं नकोस."

"पापाला कांही नाहीं, अत्या. पापाचं हृदय सोन्यासारखं आहे."

"मग तोंड कां असं केलंस?"

चंद्रिकाने फोटोवर बोट ठेवलं. चांगल्या हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात आणि एकमेकींना ओलांडून जातात. एक अंगाकडे, एक फुफ्फुसाकडे. या फोटोत त्या ओलांडत नव्हत्या. अबोला धरलेल्या जावांसारख्या शेजारी-शेजारी सरळ वर गेल्या होत्या. एका फोटोत नव्हे, तिन्हींत.

असं बाळ आईच्या पोटात मजेत असतं. रक्त आई पुरवते, त्याला काय त्याचं. जन्मल्यावर काही तासांत ते निळं पडायला लागतं. आधीपासून ठाऊक असेल तर मोठ्या इस्पितळात बाळंतपण होतं, शिरेतून औषध सुरू होतं, पुढे ऑपरेशन होतं आणि बहुतेक पोरं वाचतात, शाळेत जातात, मास्तरांचा मार खातात. ठाऊक नसेल तर कुठल्याशा लहान प्रसूतिगृहात नर्स म्हणते, थंडी वाजत असेल, गुंडाळा. गुंडाळतात. मग ऑटोतून धावत चंद्रिकाकडे आणतात, आणि चंद्रिकाला बापाच्या तोंडाकडे बघून जे सांगावं लागतं ते सांगून-सांगून तिच्या स्वभावाला धार आली होती.

फोटोंखाली छापलं होतं: हृदय – सर्वसाधारण. त्याखाली सही, डॉ. शेषगिरी.

"अत्या, हें हृदय या पापाचं नव्हे."

"अय्यो. मग कुणाचं?"

तेच तर. भव्या दिवस भरायच्या थोडं आधीच बाळंत झाली होती. त्या दिवशी त्याच टेबलावर झोपलेली दुसरी कुणीतरी या शहरात अजून पोट घेऊन फिरत असेल. तिच्या पिशवीत चांगला रिपोर्ट असेल. ती निर्धास्त असेल. तिला आज कळा सुरू होतील, नाहीतर उद्या.

चंद्रिकाने पुढच्या पेशंटना उद्या यायला सांगितलं आणि ती चपला शोधायला लागली.

२

नुंगंबाक्कममधलं ते स्कॅन सेंटर म्हणजे नुसती काच. चपला बाहेर काढायच्या आणि आत गारठत बसायचं. दाराशी वेळांची पाटी होती: रोज सकाळ-संध्याकाळ, शुक्रवारी फक्त सकाळी.

"शुक्रवारी संध्याकाळी सर देवळात," समोरच्या टेबलावरचा अशोक म्हणाला. टोकनांचा सगळा कारभार त्याच्या हातात. "आणि मॅडम, टोकन घ्या. इथे देव आला तरी टोकन लागतं."

"देवाला सांग, मी पुढे गेले," म्हणून चंद्रिका आत घुसली.

डॉक्टर शेषगिरी सेंटरचे मालक. कपाळावर गंध, आवाजात मध. "या, या. तुम्ही तंजावरकडच्या, आम्हीही. आपलीच माणसं."

"आपली माणसं म्हणूनच आधी तुमच्याकडे आले. नाहीतर थेट तक्रार घेऊन वर गेले असते." तिने रिपोर्ट त्यांच्यासमोर आपटला. "हे बघा."

शेषगिरींनी बघितलं. बघायला जरा जास्त वेळ घेतला. "पोटातलं बाळ हलतं. कोन चुकला की फोटो फसवतो."

"एक फसवील. तिन्ही?"

"नंतर आपोआप सुधारलं असेल."

"सरळ वाढलेल्या वाहिन्या बसल्या जागी एकमेकींना ओलांडत नाहीत, डॉक्टर. हे तुम्हाला शिकवायला मी आलेले नाही."

मग ते उठले आणि तिला मशीन दाखवायला घेऊन गेले. नवं मशीन, नवा प्रोग्राम. डोकं, कणा, हृदय, हातपाय, प्रत्येकाची एक चौकट. प्रोग्राम अवयव ओळखतो, फोटो पकडतो आणि चौकट हिरवी करतो. एकही चौकट लाल असेल तर रिपोर्ट छापलाच जात नाही. शेषगिरी हे सगळं जावयाची ओळख करून द्यावी तसं सांगत होते.

"हिरवी चौकट म्हणजे काय?" चंद्रिकाने विचारलं. "फोटो मिळाला, की हृदय चांगलं आहे?"

"फोटो मिळाला."

"आणि चांगलं आहे का, ते कोण बघतं?"

"मीच. सही माझी असते."

"मग या फोटोंखाली 'सर्वसाधारण' कुणी लिहिलं?"

त्यांनी मशीनची काच रुमालाने पुसली. तिला उत्तर माहीत होतं. कुणीच लिहिलं नव्हतं. तो शब्द रिपोर्टच्या साच्यात आधीच छापलेला होता. वाईट दिसलं तर खोडायचा. खोडायला आधी बघावं लागतं. लाखोंचं मशीन आणायचं, आणि बघायला डोळे ठेवायचे नाहीत. आजारी हृदय गुळगुळीत कागदावर छापून, त्याखाली सही ठोकून, पिशवीत घालून घरी पाठवलं होतं.

कोपऱ्यात एक तरुण डॉक्टर उभी होती. नंदिता. मूळची कोल्हापूरची, नवरा इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत. पेशंटच्या पोटावर मशीन फिरवायचं काम तिचं. तिचं स्वतःचं पोटही चांगलंच पुढे आलं होतं आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या होत्या. सेंटरमधल्या बायकांनी हौसेने तिचं वळैकाप्पू केलं होतं, आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखं.

"कितवा?" चंद्रिकाने विचारलं.

"नववा लागलाय, मॅडम."

"सगळं बघून घेतलंस ना बाळाचं?"

"हो. हृदय तर मीच बघितलंय. छान आहे." हे बोलताना तिच्या बांगड्या किणकिणल्या. शेषगिरींनी तिच्याकडे बघितलं तशी ती पडद्याकडे तोंड करून उभी राहिली.

"त्या शुक्रवारी काही अदलाबदल झाली का, नंदिता?"

"नाही, मॅडम. एकीनंतर एक, सगळ्या ओळीने."

"तुमचा विश्वास बसत नसेल तर त्या दिवसाची बाकीची एकेक फाइल दाखवतो," शेषगिरी म्हणाले. "नावं दाखवता येणार नाहीत. खाजगी बाब." त्यांनी पडद्यावरच्या नावाच्या पट्टीवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबत गेले. एकेका बाईच्या पोटातलं एकेक हृदय पुढे सरकू लागलं. कोपऱ्यातली वेळही सरकत होती. नऊ, साडेनऊ, दहा. सहा, सव्वाअकरा, पावणेबारा. एक. प्रत्येक हृदयात वाहिन्या एकमेकींना नीट ओलांडत होत्या. एकही चौकट लाल नव्हती, एकही फाइल रिकामी नव्हती.

"आता सांगा," शेषगिरी हसले, "कुणाचं हृदय हरवलंय?"

"नावं आणि फोन द्या. मी एकेकीला विचारीन."

"वकिलांशी बोलतो. सोमवारी या."

चंद्रिका बाहेर आली तेव्हा तिच्या पायाला चटके बसत होते. चपला हातातच राहिल्या होत्या. कुणाचंच हृदय हरवलेलं नव्हतं. मग तिच्या पर्समध्ये होतं ते कुणाचं?

३

"आमच्या भव्याचे नव्हेत हे फोटो, हें मी लिहून देतें," राजसबाई म्हणाल्या. चंद्रिका सेंटरमधून थेट त्यांच्या घरी आली होती आणि कॉफी तशीच गार होऊ देत येरझारा घालत होती. "ही वेळ बघ, कोपऱ्यांत. पावणेअकरा. शुक्रवारीं साडेदहा ते बारा राहुकाळ. राहुकाळांत मी दुधाचें पाकीट फोडत नाहीं, आणि सुनेला त्या टेबलावर झोपूं देईन?"

चंद्रिका थांबली. "पण टोकन तर दहाचं होतं."

"त्याचंच सांगतें कीं. गर्दी होती. सव्वादहा झाले, तरी नंबर लागेना. मग तो अशोक म्हणाला, मामी, काळजी नको, आरंभ चांगल्या वेळेस करून देतों. भव्याला आंत नेलं, टेबलावर झोपवलं, पोटाला तें गार लावलं, एक फोटो घेतला. आरंभ झाला. मग उतरवलं. बाकीचें बारानंतर."

"सगळ्यांचं असंच करतात," भव्या म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि मराठीपेक्षा तमिळमध्ये तिला जास्त मोकळं वाटायचं, तरी सासूसमोर मराठीतच बोलायची. "ज्यांना राहुकाळ चालत नाही त्या उतरतात. ज्यांना चालतो त्यांना अशोक सवलतीत आत सोडतो. टेबल रिकामं राहत नाही."

"त्याला चहापाणी द्यावं लागतं," राजसबाई म्हणाल्या. "तें मी दिलं. चांगल्या वेळेचे कुणी चार पैसे घेतले तर घेऊं देत."

चंद्रिका खुर्चीच्या काठावर बसली. आणि नंदिता म्हणाली, सगळ्या ओळीने. ओळ होती कुठे? साडेदहाच्या आत एक टेबलावरून उतरते, दुसरी चढते. पोट बदललं. फाइल बदलायची राहिली तर?

"भव्या, तू उतरलीस तेव्हा आत कोण गेलं?"

"माझ्या शेजारी बसलेली. नवरा बसची घाई करत होता, दुपारची, शहराबाहेरच्या कोवलमची बस. तिने गळ्यात क्रॉस घातला होता. मला म्हणाली, अक्का, आमच्यात राहू नाही, आम्हाला फक्त बस असते." भव्या जरा हसली आणि तिचं हसू विरलं. "बाहेर आली तेव्हा खूश होती. म्हणाली, सगळं हिरवं आलं."

"आणि बारानंतर तुझं? हृदय परत बघितलं?"

"नाही. डॉक्टर म्हणाल्या, हृदय झालंय, हिरवं आहे. बाकीचं करू."

म्हणजे भव्याच्या बाळाच्या हृदयाकडे मशीन फिरवलंच नव्हतं. फाइल तिची उघडी, पोट कोवलमच्या बाईचं. हृदयाची चौकट हिरवी झाली, मग कधीतरी नंदिताने फाइल बदलली आणि पुढचं सगळं बरोबर फाइलीत गेलं. राजसबाईंच्या नातवाचं नशीब बलवत्तर, एवढंच.

"राहुकाळांत कोण झोपेल," राजसबाई पुटपुटल्या. "ज्यांना कांही धरबंध नाहीं, ते."

"अत्या, तुमचा धरबंध नसता तर ही चूक झालीच नसती." चंद्रिका उठली. "आणि तुमचा धरबंध नसता तर मला ती सापडलीही नसती. कॉफी ठेवा. मी पिणार नाहीं."

जिन्यावर पोचेपर्यंत ती पुन्हा अडली. कोवलमच्या बाईचं हृदय भव्याच्या फाइलीत गेलं, तर तिच्या स्वतःच्या फाइलीत लाल चौकट राहायला हवी होती. शेषगिरींनी दाखवलेल्या फाइलींत लाल काहीच नव्हतं. तिच्या फाइलीतही एक हृदय होतं. चांगलं, निरोगी हृदय. ते कुठून आलं?

४

ऑटो कोडंबाक्कमच्या पुलाखाली अडकला आणि चंद्रिकाने मनातल्या मनात तो पडदा पुन्हा चालवला. शेषगिरींचा तळहात नावांवर होता. वेळेवर नव्हता. नऊ, साडेनऊ, दहा. सहा, सव्वाअकरा, पावणेबारा.

सहा.

शुक्रवारी संध्याकाळी सेंटर बंद असतं. ती पाटी तिने चपला काढताना वाचली होती. एका बाईची फाइल क्रमाने अकराच्या सुमाराची, तिच्यातलं हृदय मात्र संध्याकाळी सहाचं. कोवलमची बस दुपारीच गेली होती. मग सहा वाजता त्या टेबलावर कोण झोपलं होतं?

सेंटरमध्ये पोचल्यावर तिने आधी अशोकला गाठलं. "त्या शुक्रवारी संध्याकाळी इथे कोण होतं?"

"पेशंट? कुणी नाही, मॅडम. सर रिपोर्टवर सह्या करत होते, नंदिता मॅडम आत होत्या. कुलूप मीच लावलं." तो आवाज उतरवून म्हणाला, "चहापाण्याचं सरांना सांगू नका."

"तुझं चहापाणी तुला लखलाभ. तुझ्या त्या आरंभापायी एक पोर मरायला टेकलंय, ते मात्र तुलाही सांगते."

अशोकच्या हातातली टोकनं खाली पडली. त्याने ती उचलली नाहीत.

नंदिता स्कॅनच्या खोलीत एकटी होती. मोबाइल कानाला लावून उभी होती, पलीकडून कुणी उचलत नव्हतं. चंद्रिकाने दार लोटलं.

"संध्याकाळी इथे दोन पुरुष आणि तू," ती म्हणाली. "दोन पुरुषांच्या पोटात बाळ नसतं, नंदिता."

नंदिताने मोबाइल खाली घेतला.

"आज तू नवव्यात. तेव्हा तूही पाचव्यातच. त्या बाईच्या फाइलीतलं हृदय तुझ्या बाळाचं आहे. मघाशी तूच म्हणालीस, मीच बघितलंय, छान आहे. खरंच छान आहे. मीही बघितलं."

नंदिता टेबलाच्या कडेला बसली. बसताना बांगड्या वाजल्या आणि तिने दुसऱ्या हाताने त्या दाबून धरल्या.

"एक चौकट लाल राहिली होती," ती म्हणाली. "सगळे गेल्यावर लक्षात आलं. मला पक्कं आठवत होतं मॅडम, तिचं हृदय मी केलं होतं, हिरवं झालं होतं. मला वाटलं, फोटो सेव्ह झाले नाहीत. भव्याच्या फाइलीत गेलेत हे आज तुम्ही आलात तेव्हा कळलं."

"हिरवं झालं म्हणजे चांगलं आहे असं तुला वाटलं?"

"दिवसभर हिरवं-हिरवं बघून तसंच वाटायला लागतं." ती मान वर करत नव्हती. "मी सरांना म्हटलं, तिला परत बोलावू. सर म्हणाले, सवलतीतली बाई, कोवलमहून परत कुठे येते? हिरवं करून टाक, रिपोर्ट टपालाने जाऊ दे, आणि घरी जा. मी विचारलं, कसं करू? त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं."

बाहेर कुणीतरी टोकनाचा नंबर पुकारत होतं.

"तिचं नाव?"

"सगायमेरी. तुम्ही गेल्यापासून फोन लावतेय. लागतच नाही."

"नंदिता." दारात शेषगिरी उभे होते. मध आटला होता. "नोकरी, डिग्री, सगळं जाईल. विचार करून बोल."

"तिने विचार केलाय, तुम्हीच राहिलात," चंद्रिका म्हणाली. "पोटाला मशीन लावलं की कुणाच्या पोटाला लावलं याची नोंद ठेवावी लागते. कायदा आहे, डॉक्टर, आणि कडक आहे. त्या शुक्रवारी सहा वाजताच्या पोटाची नोंद काढून ठेवा. मी ती मागायला माणसं पाठवणार आहे."

"आपण एकाच समाजाची माणसं..."

"तुम्ही नावांवर हात ठेवलात आणि वेळ उघडी टाकलीत. का, सांगू? तुम्ही स्वतः त्या फोटोंकडे कधी बघतच नाही. त्यावर वेळ असते हेच तुम्हाला आठवलं नाही." तिने नंदिताकडे वळून हात पुढे केला. "पत्ता दे."

"मी येते."

"या दिवसांत? ईस्ट कोस्ट रोडवर हाडं खिळखिळी होतील."

"मी येते, मॅडम," नंदिता म्हणाली आणि उठली.

५

कोवलमला पोचेस्तोवर चंद्रिकाने मोठ्या इस्पितळातल्या आपल्या माणसांना तयार राहायला सांगितलं होतं आणि वाटेतल्या प्रत्येक बसला शिव्या दिल्या होत्या. नंदिता टॅक्सीच्या मागच्या सीटवर पोटाला हात लावून बसली होती.

होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने मान न उचलता घर दाखवलं. दारात कापडाची पिशवी बांधून ठेवलेली होती, आणि सगायमेरीची सासू ऑटोची वाट बघत होती.

"सकाळपासून दुखतंय," ती तमिळमध्ये म्हणाली. "इथल्याच नर्सिंग होममध्ये नेतो. मुलगा समुद्रात आहे, फोन त्याच्याजवळ. तुम्ही कोण?"

सगायमेरी आत भिंतीला टेकून बसली होती. लहानखुरी, घामाने भिजलेली. चंद्रिकाने शक्य तेवढ्या थोडक्यात सांगितलं: बाळाच्या हृदयात दोष आहे, इथे बाळंत होऊ नको, आमच्याबरोबर शहरात चल, आत्ता.

"कुठल्या दोषाचं बोलताय?" सगायमेरी म्हणाली. "रिपोर्ट चांगला आहे. ते बघा ना."

कोपऱ्यात वेलांकण्णी मातेची तसबीर होती, पुढे मेणबत्ती, आणि बाजूला तेवढ्याच मापाच्या चौकटीत रिपोर्टमधून कापलेला एक करडा फोटो. त्याला मोगऱ्याचा गजरा वाहिलेला होता. चार महिने हे घर रोज त्या फोटोपुढे मेणबत्ती लावत होतं.

"नवऱ्याने चौकट केली," सगायमेरी म्हणाली. "आमच्या बाळाचं हृदय."

नंदिता त्या फोटोकडे बघत उभी राहिली.

"मोठ्या इस्पितळातली माणसं अशीच घाबरवतात," सासू म्हणाली. "मग हे काप, ते काप. आम्ही नाही येणार." बाहेर ऑटो येऊन थांबला. तिने पिशवी उचलली.

चंद्रिका कितीही ओरडली असती तरी या घरात तिचा शब्द त्या चौकटीपेक्षा मोठा नव्हता. तिने नंदिताकडे बघितलं. आता तिच्याखेरीज कुणाचा उपयोग नव्हता.

नंदिताने गजरा बाजूला सारला आणि चौकट उचलली. सासू धावली, "हात लावू नको." पण नंदिता सगायमेरीच्या समोर खाली बसली होती, नवव्या महिन्याच्या पोटानिशी, एक हात जमिनीला टेकून.

"कोपऱ्यात वेळ बघ," ती तोडक्यामोडक्या तमिळमध्ये म्हणाली. "संध्याकाळचे सहा. तू त्या दिवशी संध्याकाळी सहाला कुठे होतीस?"

सगायमेरीने फोटोकडे बघितलं, मग छताकडे, आठवत. "घरी. दुपारच्या बसने आलो. सहाला मी मासे साफ करत होते."

"हे तुझ्या बाळाचं हृदय नाही." नंदिताने हात स्वतःच्या पोटावर ठेवला. "हे माझ्या बाळाचं आहे. तुझे फोटो सापडेनात, म्हणून मी माझ्या पोटाचे घेतले आणि तुझ्या नावावर लावले."

सगायमेरी नंदिताच्या पोटाकडे बघत राहिली. तिला एक कळ आली, ती तिने दात दाबून जाऊ दिली. मग तिने हात उचलला. नंदिताला वाटलं, आता मारणार. ती मागे सरली नाही.

सगायमेरीने चौकट तिच्या हातातून घेतली, मागची पत्र्याची कड उचकटली, फोटो काढला आणि नंदिताच्या मांडीवर टाकला.

"तुझं घे," ती म्हणाली. "माझं कुठे आहे?"

चंद्रिकाने पर्समधून भव्याचा रिपोर्ट काढला. तीन फोटो, अबोला धरलेल्या दोन वाहिन्या, खाली छापलेलं 'सर्वसाधारण'. सगायमेरीने ते बोटाने चाचपलं. "हे?"

"हे. ऑपरेशन लागेल. बहुतेक मुलं वाचतात. पण वाटेतच निळी पडलेली मी पाहिलीत, म्हणून वाटेचीच भीती. आत्ता निघालीस तर वाट वाचते."

सगायमेरीने कागद फाडला. फोटो तेवढे ठेवले, तो शब्द आणि ती सही जमिनीवर राहिली. फोटो तिने पोलक्यात खुपसले आणि सासूच्या खांद्याला धरून उठली. "अत्तै, ऑटोवाल्याला जा म्हणा. आणि धाकट्याला होडी काढायला सांगा. यांना समुद्रातून बोलवायचंय."

बाळ मोठ्या इस्पितळात, दिवस मावळायच्या आत झालं. मुलगी. जोरात रडली, गुलाबी होती, आणि सासू म्हणाली, बघा, काही नाही. चंद्रिका तिच्या पायाला रक्तातला प्राणवायू मोजायची पट्टी लावून शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने ओठ निळसर दिसायला लागले. औषध तयार होतं, सुई तयार होती, हात तयार होते. या खोलीत कुणीच म्हणालं नाही, थंडी वाजत असेल.

बाहेरच्या बाकावर नंदिता लिहीत बसली होती. सगळं, पहिल्यापासून, स्वतःच्या सहीनिशी. चंद्रिकाच्या मोबाइलवर शेषगिरींचे फोनवर फोन येत होते. शेवटी तिने उचलला.

"कशी आहे ती बाई?" त्यांनी विचारलं. "आणि बाळ?"

"तुम्हीच येऊन बघा," चंद्रिका म्हणाली. "एकदा तरी बघा." आणि फोन ठेवून ती आत गेली. काचेच्या पेटीत मुलीचे ओठ पुन्हा गुलाबी व्हायला लागले होते आणि पेटीच्या कडेला कुणीतरी चिकटपट्टीने तीन करडे फोटो लावले होते.